अबोल, अबोला आणि ‘रिझर्व्ह्ड’

वृद्ध वडिलांना दवाखान्यात आणणारी मुले हल्ली एक इंग्रजी शब्द सहज वापरतात : “डॉक्टर, बाबा तसे रिझर्व्ह्डच आहेत.” या शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थ ‘मागे राखून ठेवणे’. रेल्वेतील राखीव आसन आणि मनातले मनातच राखणारा माणूस, दोघांसाठी इंग्रजीत शब्द एकच. मात्र माणसाविषयी तो स्वभाव सांगतो. जे तरुणपणीही असेच होते, त्यांनाच तो लागू पडतो. कालपरवापर्यंत नाक्यावर चहासोबत तासभर गप्पा मारणारे गृहस्थ वर्षभरात गप्प झाले असतील, तर ते रिझर्व्ह्ड नव्हेत.

आपल्या भाषेने हा भेद अधिक नेमका केला आहे. मितभाषी मोजके बोलतो, भिडस्ताला संकोच आड येतो. अबोल हा स्वभाव. अबोला मात्र धरलेला असतो आणि त्याला कारण असते.

भिवंडीत ते कारण मी प्रथम कानांत शोधतो. यंत्रमागांच्या कारखान्यातील आवाज बहुधा ९० डेसिबलच्या वर असतो. आठ तासांच्या पाळीसाठी कायद्याने घातलेली मर्यादाच ९० आहे. तीस वर्षे माग चालवलेल्या माणसाच्या अंतर्कर्णातील सूक्ष्म केशपेशी नष्ट होतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी उंच पट्टीचे ध्वनी जातात : स, श, फ यांसारखी व्यंजने, नातवंडांचे आवाज. स्वर ऐकू येतात, पण ‘साखर’ म्हटले की ‘भाकर’ वाटते. म्हणूनच असे रुग्ण सांगतात, “ऐकू येते हो, कळत नाही.” दोन-चारदा भलतेच उत्तर गेले, घरात हशा पिकला, की मानी माणूस बोलणेच सोडतो. आपण त्याला स्वभाव म्हणून मोकळे होतो!

कानात मळ साचला आहे का, हे आधी पाहून घ्यावे, मग ऑडिओमेट्री. श्रवणयंत्र या तपासणीनंतरच घ्यावे, बाजारातून परस्पर नको. घरी टीव्ही बंद करून, समोर बसून, सावकाश बोलावे. ओरडल्याने शब्द अधिकच विकृत होतात.

कान ठीक असूनही आजी-आजोबा दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास असतील, भूक-झोप उडाली असेल, आवडीचे कीर्तनही नकोसे झाले असेल, तर नैराश्याचा विचार करावा, थायरॉइडही तपासावे. ‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. मात्र बोलता बोलता अचानक शब्द सुचेनासे झाले वा तोंड वाकडे झाले, तर तो पक्षाघात समजून तत्काळ मोठे रुग्णालय गाठावे.

आणि तपासायला आणाल तेव्हा माझ्या प्रश्नांची उत्तरे कृपया वडिलांनाच देऊ द्या. मुलगाच बोलू लागला, तर त्यांना प्रश्न ऐकू आला होता की नाही, हे मला कळत नाही.