स्वयंगोल कोणाचा?

३१ ऑगस्ट १९९८ रोजी हो ची मिन्ह शहरातल्या थोंग न्हाट मैदानावर इंडोनेशिया आणि थायलंड हे दोन संघ उतरले ते हरण्यासाठी. आग्नेय आशियाई देशांच्या ‘टायगर चषक’ स्पर्धेतला तो साखळी सामना होता. दोघांचाही उपान्त्य फेरीतला प्रवेश पक्का झाला होता. गटात पहिला येईल त्याला हनोईला जाऊन यजमान व्हिएतनामशी झुंजायचे होते. दुसरा येईल त्याला आहे तिथेच राहून सिंगापूरशी खेळायचे होते, आणि सिंगापूर त्या काळी सोपा प्रतिस्पर्धी समजला जाई. जिंकण्यात तोटा आणि हरण्यात फायदा, असे गणित कार्यक्रमपत्रिकेनेच मांडून ठेवले होते. ९० मिनिटे संपली तेव्हा २-२ अशी बरोबरी होती. भरपाई वेळेत इंडोनेशियाचा बचावपटू मुर्शिद एफेंदी याने चेंडू सरळ आपल्याच जाळ्यात मारला. त्याला अडवायला धावले ते थायलंडचे खेळाडू!

फिफाने दोन्ही संघटनांना प्रत्येकी ४० हजार डॉलर दंड केला. एफेंदीवर आंतरराष्ट्रीय फुटबॉलची जन्मभरासाठी बंदी आली. दोन्ही संघ उपान्त्य फेरीत हरले आणि ‘सोप्या’ सिंगापूरने अंतिम सामन्यात व्हिएतनामला १-० असे हरवून चषक नेला. हा किस्सा जगभर गमतीने सांगितला जातो. मला त्यात गंमत दिसत नाही. जन्मभराची शिक्षा मैदानावरच्या एका माणसाला झाली. पण पराभवाला बक्षीस ठेवणारी रचना त्याने केली नव्हती, आणि त्या दिवशी आपण जिंकायचे नाही हे एकट्या बचावपटूने ठरवले असेल यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. इंडोनेशियाच्या संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष आझवार अनास यांनी मात्र राजीनामा दिला, हे नोंदवले पाहिजे. नोंदवायचे अशासाठी, की पुढे त्याच खुर्चीवर आलेले नुर्दिन हालिद भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यात तुरुंगात गेले आणि तुरुंगात असतानाही त्यांनी अध्यक्षपद सोडले नाही.

ही ‘टायगर चषक’ स्पर्धा १९९६मध्ये सिंगापूरमध्ये सुरू झाली, बिअरच्या एका ब्रँडच्या नावाने. पुढे मोटारी बनवणारी कंपनी आली, मग विजेची यंत्रे बनवणारी. दर दोन वर्षांनी भरणाऱ्या या स्पर्धेला तिथे विश्वचषकाइतके महत्त्व आहे, आणि याचे कारण उघड आहे. जवळपास ६८ कोटी लोकांच्या या प्रदेशातून आजवर पुरुषांच्या विश्वचषकात एकच संघ खेळला. तोही १९३८ साली, ‘डच ईस्ट इंडीज’ या वसाहतीच्या नावाने. हंगेरीकडून ६-० असा हरून परतला. बाहेरच्या जगात जे मिळत नाही ते घरातल्या घरात मिळवायचे, ही भूक समजण्यासारखी आहे. २०२४पर्यंतच्या १५ स्पर्धांत थायलंडने ७ विजेतेपदे घेतली, सिंगापूरने ४, व्हिएतनामने ३ आणि मलेशियाने १. इंडोनेशिया सहा वेळा अंतिम फेरीत हरला. सहा पराभवांनंतर जकार्तातल्या संघटनेच्या अध्यक्षावर प्रेक्षकांचा, वर्तमानपत्रांचा आणि राजकारण्यांचा किती दबाव येत असेल, याचा अंदाज कोणालाही करता येईल.

धोका या दबावातच आहे. दोन वर्षांत अकादमी उभी राहत नाही, बारा वर्षांचा मुलगा चोवीस वर्षांचा होत नाही, जिल्हा पातळीवरची लीग रुळत नाही. दोन वर्षांत फक्त आडवाट सापडते.

सामना विकण्याची आडवाट या प्रदेशात स्पर्धेच्याही आधीपासून होती. १९९४-९५मध्ये मलेशियाच्या लीगमध्ये सामनानिश्चितीचे इतके मोठे प्रकरण उघड झाले, की शंभराहून अधिक खेळाडूंची चौकशी झाली. २००५च्या आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धेत व्हिएतनामच्या २३ वर्षांखालील संघातल्या काही खेळाडूंनी म्यानमारविरुद्धच्या विजयातले गोलांचे अंतर ठरवून कमी ठेवले. त्यात फाम वान क्वेन हा त्या पिढीतला सर्वांत गुणी आघाडीवीर होता. त्याची कारकीर्द तिथेच मोडली. २०१७मध्ये आशियाई महासंघाने लाओस आणि कंबोडियाच्या २२ जणांवर जन्मभराची बंदी घातली. सट्ट्याचे सूत्रधार मात्र फुटबॉलपटू नव्हते. सिंगापूरचा विल्सन राज पेरुमल २०११मध्ये पकडला गेला तो फिनलंडमध्ये.

खेळाडू विकला का जातो, याचे एक उत्तर पगाराच्या नोंदवहीत आहे. २०१२मध्ये इंडोनेशियात दोन प्रतिस्पर्धी लीग आणि दोन प्रतिस्पर्धी संघटना होत्या. आसियान (आग्नेय आशियाई देशांच्या) स्पर्धेसाठी, म्हणजे पूर्वीच्या ‘टायगर चषका’साठी, संघ निवडण्यावरूनही भांडण होते. त्याच डिसेंबरात दिएगो मेंदिएता हा पॅराग्वेचा खेळाडू सोलो शहरातल्या रुग्णालयात वारला. क्लबकडून त्याचा काही महिन्यांचा पगार यायचा होता. राष्ट्रीय संघ चषकासाठी लढतो आणि लीगमधला खेळाडू औषधपाण्याला महाग होतो, या दोन गोष्टी एकाच महिन्यात एकाच देशात घडल्या. ज्या खेळाडूला चार महिने पगार नाही त्याच्याकडे सट्टेबाज आला, तर नीतिपाठाचा किती उपयोग होईल?

आता आडवाटेने नवे रूप घेतले आहे आणि ते अधिक सभ्य दिसते. ते कागदावरचे आहे. परदेशात जन्मलेल्या खेळाडूला नागरिकत्व देऊन संघात घेणे यात मुळात काही गैर नाही. २०१०मध्ये फिलिपिन्सने हनोईत गतविजेत्या व्हिएतनामला २-० असे हरवले तेव्हा गोल केले ख्रिस ग्रेटविच आणि फिल यंगहसबंड यांनी. दोघेही इंग्लंडमध्ये वाढलेले, दोघांच्याही आया फिलिपिनो. तो विजय खरा होता. पण त्याच वर्षी उपान्त्य फेरीचे दोन्ही सामने फिलिपिन्सला जकार्तात खेळावे लागले, कारण मायदेशात निकषांत बसणारे मैदानच नव्हते. संघ विमानाने आणता येतो, मैदान आणता येत नाही. सिंगापूरनेही परदेशी वंशाचे खेळाडू घेऊन विजेतेपदे मिळवली आणि २०१२नंतर सलग तीन स्पर्धांत गटसाखळीतच गारद झाला. उसना खेळाडू वय झाल्यावर निघून जातो आणि त्याच्या मागे रांगेत कोणी उभे नसते.

मलेशियाने २०२५मध्ये कायदेशीर नागरिकत्वाची रेषाही ओलांडली. १० जून २०२५ रोजी क्वालालंपूरमध्ये आशियाई चषकाच्या पात्रता सामन्यात मलेशियाने व्हिएतनामला ४-० असे लोळवले. काही महिन्यांपूर्वीच आसियान विजेता झालेल्या संघाविरुद्ध इतका मोठा विजय! चारपैकी दोन गोल होते जोआव फिगेरेदो आणि रोद्रिगो होल्गादो यांचे. सप्टेंबरमध्ये फिफाने निकाल दिला, की या दोघांसह सात खेळाडूंसाठी सादर केलेले कागद बनावट होते. आजी-आजोबांचा जन्म मलेशियातला दाखवला होता. फिफाने मूळ नोंदी मागवल्या तेव्हा ते जन्मलेले निघाले अर्जेंटिना, ब्राझील, नेदरलँड्स आणि स्पेनमध्ये. संघटनेला साडेतीन लाख स्विस फ्रँक दंड, सातही खेळाडूंवर १२ महिन्यांची बंदी. नोव्हेंबरमध्ये फिफाच्या अपील समितीनेही हा निकाल कायम ठेवला.

थोंग न्हाटच्या मैदानावर घडले त्याच्याशी हे ताडून पाहिले की आकृतिबंध तोच दिसतो. शिक्षेच्या आदेशात सात खेळाडूंची नावे होती. कोणाच्या टेबलावर आजीचे जन्मगाव बदलले, ते नाव नव्हते. खेळाडू निर्दोष होते असे मी म्हणत नाही. आपली आजी कुठे जन्मली एवढे माणसाला माहीत असते. पण स्पेनमध्ये किंवा अर्जेंटिनात खेळणारा तरुण स्वतः उठून मलेशियाच्या सरकारी दप्तरात शिरत नाही. त्याला कोणीतरी शोधते, कोणीतरी बोलावते, कोणीतरी फाइल तयार करते, आणि कोणीतरी सही करते. २०१०मध्ये मलेशियाने आपले एकमेव विजेतेपद मिळवले ते के. राजगोपाल या देशी प्रशिक्षकाच्या हाताखाली, आदल्या वर्षी आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलेल्या तरुण मुलांच्या जोरावर. पंधरा वर्षांत तो रस्ता सोडून हा रस्ता का धरला, याचा हिशेब क्वालालंपूरने फिफाला नाही तर स्वतःला द्यायचा आहे.

उलट उदाहरणही याच प्रदेशात आहे. व्हिएतनामला २०२४ची स्पर्धा जिंकून देताना ७ गोल करणारा न्गुयेन सुआन सोन हा मूळचा ब्राझीलचा. पण तो अनेक वर्षे व्हिएतनामच्या लीगमध्ये खेळला, तिथे राहिला, मग नागरिक झाला. आणि तो येण्याआधी व्हिएतनामने २००७पासून अकादम्यांतून एक अख्खी पिढी घडवली होती. २०१८चा चषक त्या पिढीने जिंकला. सोनचा पाय अंतिम सामन्यातच मोडला, तरी व्हिएतनाम बँकॉकमध्ये ३-२ असा जिंकला. त्याच्यावाचून उभा राहू शकणारा संघ तिथे होता.

प्रशिक्षकांची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे. ही स्पर्धा फिफाच्या आंतरराष्ट्रीय वेळापत्रकाबाहेर खेळली जात आली, त्यामुळे परदेशी क्लबांवर खेळाडू सोडण्याचे बंधन नव्हते. २०२४मध्ये इंडोनेशियाने प्रामुख्याने २२ वर्षांखालील मुलांचा संघ पाठवला आणि तो गटातच बाद झाला. त्याच्या आदल्या महिन्यात याच देशाने विश्वचषक पात्रता सामन्यात सौदी अरेबियाला २-० असे हरवले होते. तरीही अंतिम सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी, ६ जानेवारी २०२५ला, प्रशिक्षक शिन ते-योंग यांना नारळ मिळाला. कारणे वेगळी सांगितली गेली. त्यांच्या जागी पॅट्रिक क्लायव्हर्ट हे मोठे नाव आले, ऑक्टोबरात सौदी आणि इराककडून पराभव झाले आणि तेही गेले. निर्णय घेणारे संघटनेचे अध्यक्ष एरिक तोहिर हे त्या वेळी मंत्रीही होते. पुढे ते क्रीडामंत्री झाले.

आणि कांजुरुहान विसरता येत नाही. १ ऑक्टोबर २०२२ रोजी इंडोनेशियातल्या मलांगच्या या मैदानात पोलिसांनी अश्रुधूर सोडला. असा वायू मैदानात वापरायला फिफाच्या सुरक्षा नियमांत बंदी आहे. चेंगराचेंगरीत १३५ माणसे मेली. तिसऱ्या महिन्यात आसियान स्पर्धा सुरू झाली आणि चर्चा पुन्हा आघाडीच्या फळीवर आली. चषकाचा हा उपयोग मला सर्वांत भयंकर वाटतो.

ऑक्टोबर २०२५मध्ये क्वालालंपूरच्या आसियान शिखर परिषदेच्या निमित्ताने ‘फिफा आसियान चषक’ या नव्या स्पर्धेची घोषणा झाली. ती आंतरराष्ट्रीय वेळापत्रकात बसवायची आहे, म्हणजे पूर्ण ताकदीचे संघ येतील. खेळाच्या दृष्टीने हे चांगलेच. पण पैसा वाढेल, प्रतिष्ठा वाढेल, मंत्री पेटीत बसतील, आणि दबाव दुप्पट होईल. घोषणा झाली तेव्हा बनावट आजी-आजोबांच्या निकालाला जेमतेम महिना झाला होता. तपासणीची यंत्रणा न बदलता बक्षीस वाढवले तर बनावट कागदाची किंमतही वाढते, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

आपल्याला याचे काय, असे महाराष्ट्रातल्या किंवा गोव्यातल्या वाचकाला वाटू शकते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने भारताला २-१ असे हरवले आणि २०२७च्या आशियाई चषकाचा आपला रस्ता बंद झाला. दोन्ही गोल सोंग उई-यंग याचे. तो जन्माने कोरियन, पण कोवळ्या वयापासून सिंगापूरच्या क्लबात खेळलेला, २०२१मध्ये रीतसर नागरिक झालेला. त्या पराभवानंतर आपल्याकडेही भारतीय वंशाचे परदेशी खेळाडू आणा, असा सूर चढला. पुढच्याच महिन्यात रायन विल्यम्स याने ऑस्ट्रेलियाचे पारपत्र सोडून भारताचे घेतले. त्याची आई मुंबईची. त्याच्याआधी पुण्याच्या क्लबाकडून खेळलेल्या इझुमी अराता याने जपानचे नागरिकत्व सोडले होते. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून इथे येणाऱ्याला काहीतरी सोडून यावे लागते. ही अट खेळाच्या संघटनेला जाचक वाटते. मला ती संरक्षक वाटते. हा नियम शिथिल करण्याची मागणी जोर धरेल तेव्हा मलेशियाची फाइल समोर ठेवावी.

कारण खुर्चीच्या बाबतीत आपण जकार्ता किंवा क्वालालंपूरला शिकवावे अशी स्थिती नाही. भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्षपद प्रफुल्ल पटेल यांच्याकडे दशकाहून अधिक काळ राहिले. निवडणुका लांबत गेल्या, २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाला प्रशासकांची समिती नेमावी लागली आणि त्याच ऑगस्टमध्ये फिफाने भारताला काही दिवसांसाठी निलंबित केले. २०२५मध्ये तर देशाची प्रमुख लीग कधी सुरू होणार हेच खेळाडूंना ठाऊक नव्हते. पगाराची चिंता, लांबणारी लीग, विजयाची घाई आणि परदेशी वंशाच्या खेळाडूंचा शोध, हे सगळे घटक आपल्या घरात येऊन बसले आहेत.

म्हणून उद्या महासंघ एखाद्या नव्या खेळाडूच्या आजोबांची गोष्ट कौतुकाने सांगेल, तेव्हा वाचकांनी, पत्रकारांनी आणि फातोर्डाच्या सज्जातल्या प्रेक्षकांनी दोन प्रश्न विचारावेत. जन्माची मूळ नोंद कोणी पाहिली? आणि पाहिल्याची सही कोणाची आहे? उत्तरात पदाधिकाऱ्याचे नाव मिळत नसेल तर त्या खेळाडूला निळा अंगरखा देऊ नये.