शिंगरू विकायचे आणि घोडा विकत घ्यायचा!

दिवाळीच्या सुमारास अकलूजला घोडेबाजार भरतो, दत्तजयंतीपासून सारंगखेड्याला. सातारा-सांगलीकडचे घोडेवाले तिकडे जाऊन तयार घोडा आणतात. कुणाला पाचगणी-महाबळेश्वरला पर्यटकांना फेरी मारायची असते, कुणाला वरातीसाठी हवा असतो, कुणाला शर्यतीचा शौक असतो. आणि आपल्याच माण, खटाव, आटपाडी, जत भागात घोड्या राखणारी कुटुंबे सहा-आठ महिन्यांची शिंगरे मिळेल त्या भावाला देऊन मोकळी होतात. शिंगरू इथून स्वस्तात जायचे आणि घोडा तिथून महागात यायचा, हा व्यवहार आम्हाला उलटा वाटतो. मधल्या तीन-चार वर्षांची जी मेहनत आहे, नफा तिच्यातच आहे, आणि ती मेहनत आपण दुसऱ्याला देऊन टाकली आहे.

मराठेशाहीत शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई, बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदाराचा पगार अर्थातच जास्त. आज आपण सगळेच बारगीर झालो आहोत, फरक इतकाच की घोडा फुकट मिळत नाही.

त्या काळी नावाजलेला भीमथडीचा घोडा अजून शिल्लक आहे तो मुख्यतः मेंढपाळ धनगरांमुळे. मेंढ्यांमागे फिरताना सारा संसार घोडीच्या पाठीवर असतो आणि शिंगरू आईमागे चालत असते. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने २०२३-२४ मध्ये भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. देशातील नोंदलेल्या घोड्यांच्या जातींत ती आठवी. २०१९ च्या पशुगणनेत देशातील घोडे आणि तट्टे मिळून साडेतीन लाखांच्या आत भरली. २०१२ मध्ये हीच संख्या सव्वासहा लाख होती. जनावर जवळजवळ निम्म्याने घटले असताना जातिवंत शिंगरू भावाशिवाय विकणे हा कसला हिशेब?

शिंगरू वाढवायचे म्हणजे काय, तेही पाहू. घोडी सुमारे अकरा महिने गाभण राहते. शिंगरू तासाभरात उभे राहावे, दोन तासांत आईला लुचावे. पहिला चीक पहिल्या सहा तासांत पोटात गेलाच पाहिजे. रोगाशी लढण्याची ताकद शिंगराला आईच्या पोटात मिळत नाही, ती या चिकातूनच मिळते. काही घरांत चीक जड पडतो म्हणून पिळून टाकतात. यासारखे नुकसान दुसरे नाही. नाळेला आयोडीन लावावे आणि धनुर्वाताच्या लसीबद्दल गावच्या पशुवैद्यकाला आधीच विचारून ठेवावे.

खरी चूक मात्र खुराकात होते. आपला मुलूख उसाचा, तेव्हा वाढे फुकटात मिळते. त्यावर गव्हाचा कोंडा घातला की मालकाला वाटते शिंगरू मजेत आहे. पण वाढ्यात आणि हत्तीगवतात ऑक्झलेट असते, ते चाऱ्यातले कॅल्शियम अंगी लागू देत नाही. कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. मग शरीर हाडांतलेच कॅल्शियम ओढून घेते. तोंडाची हाडे फुगतात, पाय दुखतात, चाल बिघडते. मालक म्हणतो नजर लागली. गाईला हाच चारा बऱ्यापैकी चालतो, कारण तिच्या पोटाची रचना वेगळी. घोड्याला तो मुख्य खुराक म्हणून चालत नाही. दोन-चार गुंठे लसूणघास लावावा, कडबा आणि वाळले गवत द्यावे, भिजवलेला हरभरा बेताने द्यावा. दोन महिन्यांपासून जंताचे औषध आणि दर सहा-आठ आठवड्यांनी खुरांची छाटणी, हा खर्च फार नाही. आपल्याकडे नालबंदांची पिढीजात घराणी आहेत. नाल ठोकायचा नसला तरी शिंगराचे खूर त्यांना दाखवावेत. वाकडा वाढणारा पाय लहानपणीच सावरता येतो, पुढे नाही.

शिकवणीची सुरुवात खोगिराने होत नाही, हाताने होते. पहिल्या आठवड्यापासून अंगावर हात फिरवावा, पाय उचलावेत, मऊ मोरखी घालावी. घरातली माणसे, कुत्री, मोटरसायकलचा आवाज यांची सवय व्हावी. पाच-सहा महिन्यांनी आईपासून तोडताना त्याला एकटे कोंडू नये, दुसरे शिंगरू सोबतीला ठेवावे. आणि लाडाने हातावर गूळ चारून चावण्याची खोड लावू नये. शिंगराचा खेळ म्हणून ज्याचे कौतुक होते, त्याच खोडीसाठी पुढे घोडा मार खातो. पाचगणीच्या टेबललँडवर त्याच्या पाठीवर लहान मुले बसणार आहेत, हे पहिल्या दिवसापासून ध्यानात असावे. ज्याला वळूपणाची गरज नाही तो नर वेळीच खच्ची केलेला बरा.

दोन वर्षांचे झाले की रिकामे खोगीर आणि लांब दोरीवर थोडे फिरवणे. तीन वर्षांनंतर हलका स्वार, तोही थोडाच वेळ. पूर्ण काम चारच्या पुढे. गुडघ्याच्या वरचे हाड अडीच वर्षांपर्यंत वाढत असते, पाठीचे मणके तर पाचाव्या वर्षापर्यंत. अडीच ते साडेचार या वयात दात बदलतात, तेव्हा तोंडातली लोखंडी कडी दुखते. बैल घेताना आदत, दुसा, चौसा पाहणारा आपला शेतकरी घोड्याच्या बाबतीत मात्र दीड वर्षाच्या पोरावर माणूस चढवतो. वरातीसाठी दोन खांबांच्या मध्ये बांधून कोवळ्या जनावराला नाचायला लावणे हे तर आम्हाला हुन्नर वाटतच नाही. असा घोडा सहा-सात वर्षांत पाठीने जातो, आणि मालक पुन्हा अकलूजच्या वाटेला लागतो.

आता पैशाचे. तीन-चार वर्षे जनावर खाणार आणि कमावणार नाही, ही गरिबाची अडचण खरी आहे. सहा महिन्यांचे शिंगरू तो हौसेने विकत नाही. यावर आपल्या गावांतच इलाज आहे. शेळ्या-म्हशी अर्धेलीने सांभाळायला देण्याची रीत आहे, तीच इथे लावावी. घोडी एकाची, चारा आणि मेहनत दुसऱ्याची, आणि तयार घोड्याच्या किमतीत दोघांचा ठरलेला वाटा. महाबळेश्वरच्या घोडेवाल्याने माणच्या घोडीवाल्याशी असा करार करावा. सावकाराकडे जायला नको आणि व्याजही नको. मात्र करार लेखी असावा: शिंगरू मेले तर तोटा कुणाचा, औषध कुणाचे, कोणत्या वयाआधी विकायचे नाही. तोंडी भागीदारी भांडणात संपल्याची उदाहरणे प्रत्येक गावात आहेत.

आणखी एक फायदा. बाजारात दहा ठिकाणचे घोडे एकत्र येतात, त्यांच्याबरोबर रोगही येतात. ग्लँडर्स झालेले जनावर कायद्याने मारावे लागते आणि तो रोग माणसालाही होतो. त्याची खात्री रक्ततपासणीशिवाय होत नाही, त्यासाठी हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. घरी वाढलेल्या शिंगराचे आई-बाप, खुराक, दुखणी सगळी माहीत असतात. बाजारचा घोडा घ्यायचाच असेल तर तपासणीचा कागद पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत, आणि आणल्यावर दोन-तीन आठवडे तरी त्याला घरच्या जनावरांपासून लांब बांधावे.