गच्चीवरचा वारा आधी मोजा

गच्चीवर वाळत घातलेली चादर चिमट्यांसकट उडून गेली की घरच्यांना वाटते, इथे पवनचक्की झकास चालेल. वीजबिल हातात पडले की ही कल्पना आणखी गोड वाटू लागते. त्यात तीन पाती, एक खांब आणि ‘१ किलोवॉट’ लिहिलेली चकचकीत पाटी असे यंत्र बाजारात दिसले, की हिशेब झालाच म्हणायचा.

गफलत त्या पाटीतच आहे. २ मीटर व्यासाच्या पात्यांतून १ किलोवॉट मिळतो, तो वारा सेकंदाला सुमारे १२ मीटर, म्हणजे ताशी ४३ किलोमीटर वेगाने वाहत असेल तेव्हा. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्म्यावर आला की वीज आठव्या हिश्शावर येते, सव्वाशे वॉट. वेग आणखी निम्मा, ३ मीटर झाला की उरतात जेमतेम १५ वॉट. तेवढ्यात एक-दोन एलईडी दिवे लागतील. बहुतेक यंत्रे तर या वेगाला नुकती कुठे फिरू लागतात.

शहरातल्या गच्चीवर बहुतेक दिवस असाच मंद वारा असतो, आणि जो असतो तोही एकसंध नसतो. कठडा, पाण्याची टाकी, शेजारची इमारत यांच्यावर आपटून त्याचे भोवरे होतात. चादर उडवायला एक झोत पुरतो. पात्यांना मात्र तासन्‌तास एका दिशेने वाहणारा वारा लागतो. दर क्षणाला तोंड फिरवावे लागणारी पवनचक्की वीज कमी देते आणि बेअरिंग लवकर खाते.

हे सारे ब्रिटनमध्ये प्रत्यक्ष मोजून झाले आहे. तिथे घरांवर आणि इमारतींवर बसवलेल्या २६ लहान पवनचक्क्यांच्या नोंदी २००७-०८ मध्ये ठेवल्या गेल्या. ‘वॉरविक विंड ट्रायल्स’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चाचण्यांचा अहवाल २००९ मध्ये आला. बंद ठेवलेला काळ धरून एका यंत्राची सरासरी निघाली दिवसाला २१४ वॉट-तास, म्हणजे पाव युनिटही नाही. सर्वांत वाईट जागेवरच्या यंत्राने वर्षभरात जेवढी वीज दिली, त्याहून जास्त वीज त्याच्याच इलेक्ट्रॉनिक्सने खाल्ली. उंच, मोकळ्या इमारतींवरच्या पवनचक्क्या खरोखर चांगल्या चालत होत्या. पण आवाजाने रहिवासी हैराण झाले आणि त्यांच्या तक्रारींमुळे त्या बऱ्याच काळ बंद ठेवाव्या लागल्या. याउलट, महाराष्ट्रात १ किलोवॉटचे सौर पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देते. ‘पीएम सूर्य घर’ योजनेत ३ किलोवॉटच्या सौर संचाला ७८ हजार रुपये अनुदानही मिळते. शहरातल्या छतापुरता हा प्रश्न इथेच संपतो.

म्हणून घरगुती पवनचक्की निकामी ठरते, असे मुळीच नाही. तिची जागा वेगळी आहे. स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर स्कोरेग नावाची वस्ती आहे. तिथे मोटाररस्ता पोहोचत नाही, विजेची तारही नाही. ह्यू पिगॉट यांनी तिथे १९७० च्या दशकापासून स्वतःच्या हाताने पवनचक्क्या बांधल्या. लाकडातून कोरलेली पाती, तांब्याच्या तारेची वेटोळी, चुंबकांच्या तबकड्या. आणि वादळ आले की पात्यांना वाऱ्याच्या तोंडातून बाजूला वळवणारी शेपटी. त्यांचा आराखडा पुढे अनेक देशांत वापरला गेला. सुतार, वेल्डर आणि मोटार रिवाइंडिंग करणारा कारागीर आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी सापडतो. दुरुस्तीसाठी परगावच्या कंपनीकडे डोळे लावून बसावे लागू नये, हा या आराखड्याचा सर्वांत मोठा गुण.

महाराष्ट्रात अशा यंत्राला योग्य जागा सह्याद्रीच्या माथ्यावर आहेत. कोयनेच्या वरचे वनकुसवड्याचे पठार आणि साताऱ्याजवळची चाळकेवाडी इथे मोठ्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या जोरदार वाऱ्यामुळेच. जूनपासून ऑगस्टपर्यंत हा वारा ऐन भरात असतो आणि नेमके तेव्हाच ढगांमुळे सौर पॅनेल झोपते. पठारावरचा धनगरवाडा, आडवाटेची शाळा, तारेपासून दूर असलेले शेतघर अशा ठिकाणी पॅनेल आणि लहान पवनचक्की यांची जोडी जमते. एकाच्या पडत्या काळात दुसरे हात देते. एरवी नऊ महिने भार सूर्यावरच राहील, हे मात्र धरून चालावे.

खर्चाची खरी जागा खांब आहे. दीडशे मीटरच्या परिसरातल्या झाडा-घरांपेक्षा पाती निदान १० मीटर उंच हवीत, हा अनुभवाचा नियम. पैसे वाचवायला खांब आखूड केला, तर महागातले यंत्रही वाया जाते. तो घराच्या भिंतीला बांधू नये; थरथर खोल्यांत उतरते. ताणाच्या तारा, त्यांचे जमिनीतले पाये आणि विजेपासून बचावाचे अर्थिंग यांत काटकसर नको. शिवाय सौर पॅनेल बॅटरी भरल्यावर बिनधास्त तोडता येते, पण फिरत्या पवनचक्कीवरचा भार काढला तर ती बेफाम सुटते. म्हणून जादा वीज जिरवणारा रोधक आणि हाताशी ब्रेक दोन्ही लागतात. विक्रेता यांविषयी बोलत नसेल, तर तिथून उठावे.

वाचकांना विनंती एवढीच. आधी तेवढ्या उंचीचा हलका खांब उभा करून त्यावर वेगमापक लावा आणि या मृगापासून पुढच्या मृगापर्यंत नोंदी ठेवा. वर्षाची सरासरी सेकंदाला ५ मीटरच्या आत आली, तर पैसे पॅनेल आणि बॅटरीत घाला. वर गेली, तर त्या नोंदी घेऊन विक्रेत्याकडे जा आणि या वाऱ्यात महिन्याला किती युनिट मिळतील, ते त्याच्याकडून लेखी घ्या.