वर्कबुक भरलं, पण मूल बोललं का?

ज्युनियर केजीच्या मुलाच्या दप्तरात आज चार-पाच वर्कबुकं असतात. ठिपके जोडा, रंग भरा, गाळलेलं अक्षर लिहा. पान भरलं की अम्मी-अब्बा खूश. लहानांचं पुस्तक निवडताना माझी कसोटी वेगळी आहे : ते मिटल्यावर मूल काही विचारतं का?

आपल्या बऱ्याच घरांत दखनी किंवा उर्दू, गल्लीत मराठी आणि शाळेत इंग्रजी. अशा मुलाला आधी चित्रांची गोष्ट द्या, ती घरच्या बोलीत सांगा. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीवर’वर मराठी आणि उर्दू, दोन्ही भाषांतल्या गोष्टी मोफत आहेत. दादीने उर्दूतून वाचावी, अम्मीने मराठीतून. आणि गोष्टीतली सलमा फक्त ईदला शीरखुर्मा घेऊन येऊ नये. तिने झाडावरही चढावं.

कृतीसाठी छापील वहीच हवी असं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा पानं, बिया, शिंपले हीच साधनं होती. चिंचोके मोजणारं मूल आकडे शिकतं आणि बडबडतंही.

यंदा एक वर्कबुक कमी घ्या. त्या पैशांत गोष्टीचं पुस्तक आणा.