विश्लेषण : वेगवान मोटारींत रेडिएटर तिरका का असतो? फॉर्म्युला वनच्या नव्या नियमांनी कूलिंगचे गणित कसे बदलले?

फॉर्म्युला वनमध्ये २०२६ च्या हंगामापासून नवे नियम आले. विद्युत मोटरची कमाल शक्ती १२० किलोवॉटवरून थेट ३५० किलोवॉटवर गेली आणि एकूण ताकदीतील जवळपास निम्मा वाटा विजेकडे आला. चर्चा झाली ती ओव्हरटेकिंगची, हलत्या पंखांची आणि बॅटरी पुरवून वापरण्याची. पण या बदलांनी डिझायनरांपुढे एक जुना प्रश्नही नव्याने उभा केला आहे. मोटारीतील उष्णता बाहेर कशी काढायची? चालकाच्या दोन्ही बाजूंना जे फुगीर भाग दिसतात, त्या साइडपॉडमध्ये तिरके बसवलेले रेडिएटर हे काम करतात.

तिरके बसवून काय साधते?

कोकणातील कौलारू घराचे छप्पर आठवा. खालच्या जमिनीच्या क्षेत्रफळापेक्षा उतरत्या छपराला कौले जास्त लागतात. रेडिएटरचेही तसेच. त्याला उभ्या रेषेपासून ६० अंश झुकवले, तर तेवढ्याच उंचीच्या जागेत दुप्पट लांबीचा रेडिएटर मावतो. क्षेत्रफळ दुप्पट झाले की तितकीच हवा त्याच्या पातळ पत्र्यांमधून निम्म्या वेगाने जाते. वेग निम्मा झाला की अडथळाही अर्ध्यावर किंवा त्याहून खाली येतो. शिवाय संथ हवेला उष्णता उचलायला जास्त वेळ मिळतो.

म्हणूनच ताशी ३०० किलोमीटरने धावणाऱ्या मोटारीत रेडिएटरला हवा वेगवान नको, संथ हवी असते. साइडपॉडचे तोंड लहान ठेवून आतील मार्ग हळूहळू रुंद केला, की हवेचा वेग उतरतो आणि दाब वाढतो. हा दाबच तिला पत्र्यांमधून पलीकडे ढकलतो.

फुकट मात्र काहीच मिळत नाही. तिरक्या रेडिएटरमध्ये शिरताना हवेला वळावे लागते. मार्गाचा आकार चुकला तर ती एका टोकाला गर्दी करते आणि दुसरे टोक उपाशी राहते. मग कागदावरचे दुप्पट क्षेत्रफळ कागदावरच राहते. मोठ्या रेडिएटरचे आणि त्यातील पाण्याचे वजन वाढते ते वेगळेच.

मग तोंडच मोठे का करत नाहीत?

कारण आत घेतलेली हवा मोटारीला मागे खेचते. १९७० च्या लोटस ७२ मध्ये रेडिएटर नाकातून काढून दोन्ही बाजूंना नेले गेले. नाक पाचरीसारखे निमुळते झाले आणि योखेन रिंट त्या वर्षीचा विश्वविजेता ठरला. दुर्दैवाने, विजेतेपद निश्चित होण्याआधीच माँझा येथील अपघातात त्याचा मृत्यू झाला होता.

रस्त्यावर चालणाऱ्या मोटारींत या विचाराचे अलीकडचे ठळक उदाहरण म्हणजे २०२२ मध्ये आलेली पोर्श ९११ जीटी३ आरएस. इतर ९११ मोटारींत पुढे तीन लहान रेडिएटर असतात. या मोटारीत त्यांच्या जागी नाकात एकच मोठा, तिरका रेडिएटर बसवला. तोही सामानाच्या डिकीच्या जागी, म्हणजे सुटीला निघताना बॅग ठेवायची सोय गेली. पण त्यामुळे चाकांपुढची जागा मोकळी झाली आणि तिथे हलते वायुगतिकीय भाग बसवता आले. कंपनीच्या आकड्यांनुसार ताशी २८५ किलोमीटर वेगाला हवा या मोटारीला ८६० किलो वजनाइतक्या जोराने रस्त्यावर दाबते.

या मांडणीतून एक नवी अडचणही निघाली. रेडिएटरमधून तापलेली हवा बॉनेटवरील दोन मोठ्या छिद्रांतून बाहेर पडते आणि छपरावरून मागे वाहते. ९११चे इंजिन मागे असते. तीच गरम हवा त्याच्या नाकात गेली तर ताकद घटते. म्हणून छपरावर उभ्या पट्ट्या लावून गरम हवा बाजूंना वळवली आहे. अनेकांना त्या निव्वळ शोभेच्या वाटतात. प्रत्यक्षात रेडिएटर हलवल्याची ती किंमत आहे.

विजेचा वाटा वाढल्याने उष्णता वाढली का?

उलट, एकूण उष्णता कमी झाली. जुन्या नियमांत तासाला कमाल १०० किलो इंधन वापरता येई. त्यातून साधारण १२०० किलोवॉट ऊर्जा मिळे आणि अत्यंत कार्यक्षम इंजिनातही त्यातील जवळपास निम्मी उष्णता म्हणून वाया जाई. नव्या नियमांत इंधनातील ऊर्जेला तासाला ३००० मेगाज्यूलची, म्हणजे सुमारे ८३० किलोवॉटची मर्यादा आहे.

तरीही डिझायनरची सुटका नाही, कारण उष्णतेची जात बदलली. रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो, हे आतील द्रव आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. दाबाखालचे पाणी १०० अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही, त्यामुळे इंजिनाला ते चालते. बॅटरीला चालत नाही. समजा बाहेर ३० अंश तापमान आहे, इंजिनाचे पाणी १२० अंशांवर आणि बॅटरीचा द्रव ६० अंशांवर आहे. एकीकडे फरक ९० अंशांचा, दुसरीकडे ३० चा. म्हणजे बॅटरीतील प्रत्येक किलोवॉट उष्णतेसाठी ढोबळमानाने तिप्पट रेडिएटर लागतो. त्यातच नव्या मोटारींची कमाल रुंदी १० सेंटिमीटरने कमी झाली आहे.

याचा खरा कस कुठे लागतो?

मेक्सिको सिटीत. तेथील ट्रॅक सुमारे २२४० मीटर उंचीवर, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षा जवळपास ६०० मीटर उंच आहे. तिथे हवा समुद्रसपाटीपेक्षा वीस टक्क्यांहून अधिक विरळ. रेडिएटरमधून तितकीच हवा गेली, तरी उष्णता उचलणारे वस्तुमान कमी पडते. ब्रेक तापतात ते वेगळेच. त्यामुळे संघ आवरणावरील झडपांसारख्या फटी शक्य तितक्या उघडतात आणि त्यापायी वाढणारा हवेचा अडथळा सोसतात. तेवढ्यानेही भागले नाही, तर चालकाला रेडिओवरून सूचना येते. पुढच्या मोटारीची गरम हवा टाळण्यासाठी तिच्या थेट मागून बाजूला हो आणि वळणाआधी ॲक्सिलरेटर थोडा लवकर सोड. शर्यतीत पुढच्याला गाठण्यासाठी नेमके याच्या उलट करावे लागते.