यकृतरोपण : शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षाचे काय?

रामकृष्णपुरम ही दिल्लीतील केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची जुनी वसाहत. सफदरजंग रुग्णालय आणि अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था तिच्यापासून जवळ. वसंत कुंजमधील, दिल्ली सरकारची यकृत व पित्तविज्ञान संस्थाही दूर नाही. यकृताच्या रुग्णास याहून सोयीची वस्ती देशात क्वचितच सापडेल. जे येथे बसच्या अंतरावर आहे, ते नांदेड वा गडचिरोलीच्या श्रमिकाच्या आवाक्यात का नसावे, हा खरा प्रश्न आहे.

१९९८ साली दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात भारतातील पहिले यशस्वी यकृतरोपण झाले. तेव्हापासून शस्त्रक्रियेचे कौतुक पुष्कळ झाले. तिच्या नंतरच्या वर्षाची चर्चा मात्र फारशी होत नाही. नव्या यकृताची पित्तनलिका रुग्णाच्या नलिकेशी जोडावी लागते आणि हा सांधाच सर्वांत नाजूक असतो. रक्तपुरवठा अपुरा पडला की तो गळतो किंवा कालांतराने आकसतो. आपल्या देशात बहुतेक रोपणे जिवंत दात्याच्या यकृताचा भाग घेऊन होतात. अशा भागातील नलिका बारीक, पुष्कळदा एकाहून अधिक असतात. त्यामुळे हा धोका वाढतो.

त्यावरचा उपाय आज उपलब्ध आहे, आणि तोही पोट पुन्हा न उघडता. तोंडावाटे दुर्बीण आतड्यापर्यंत नेऊन, क्ष-किरणांच्या साहाय्याने आकसलेली जागा फुग्याने रुंद करतात व तेथे स्टेंट बसवतात. गळती बहुधा काही आठवड्यांत थांबते. आकुंचनासाठी मात्र साधारणतः दर तीन महिन्यांनी स्टेंट बदलावे लागतात, त्यांची संख्या वाढवावी लागते, आणि हा क्रम सुमारे वर्षभर चालतो. बहुसंख्य रुग्णांना याने गुण येतो. पण मधली एक फेरी चुकली, तर तुंबलेल्या स्टेंटमुळे कावीळ व जंतुसंसर्ग होतो. मिळालेले यकृतही गमावण्याची वेळ येते.

प्रश्न वैद्यकशास्त्राचा उरलेला नाही. तो व्यवस्थेचा आहे. नागपूरहून दिल्ली हजार किलोमीटरांहून दूर. प्रत्येक फेरीला प्रवास, मुक्काम, सोबत्याची बुडालेली मजुरी! रोपणासाठी कर्ज काढलेल्या कुटुंबाने हे कोठून आणावे?

जेथे प्राथमिक आरोग्यकेंद्रात साधी औषधे मिळत नाहीत, तेथे ही चैन कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. नवजात बालकांना कावीळ-ब प्रतिबंधक लस वेळेवर मिळालीच पाहिजे, यात दुमत नाही. परंतु ज्या रुग्णासाठी एका आप्ताने आपल्या यकृताचा भाग दिला, त्याला निम्म्या वाटेवर सोडणे ही काटकसर नव्हे. ती त्या त्यागाची नासाडी आहे.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. रोपणाच्या शासकीय साहाय्यात पुढील वर्षभराचे दुर्बिणीचे उपचार, औषधे व प्रवासखर्च समाविष्ट करावा. प्रत्येक विभागातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ही उपचारसोय आणि प्रशिक्षित डॉक्टर असावेत. रुग्ण जगला की नाही हे शस्त्रक्रियेच्या दिवशी ठरत नाही. आरोग्यखात्याचा हिशेबही त्या दिवशी मिटता कामा नये.