वंगण कुणी घालायचे?

आमच्या भाच्याच्या बफिंग मशीनच्या खोक्यावर इंग्रजीत एक ओळ छापलेली आहे. तिचे मराठी केले तर 'गिअरमध्ये आयुष्यभराचे वंगण भरलेले आहे' असे काहीसे होते. मी जन्मभर व्याकरण शिकवले, त्यामुळे षष्ठी दिसली की विचारल्याशिवाय राहवत नाही. कुणाच्या आयुष्यभराचे? यंत्राच्या, घेणाऱ्याच्या, की त्या वंगणाच्याच?

माझे मत आधीच सांगून टाकतो. वॉरंटी संपली की असले मशीन मालकाने स्वतः घरी उघडावे, साफ करावे, ग्रीस बदलावे. आणि हे सगळे ते बिघडायच्या आधी करावे.

नातेवाईकांना ठाऊक आहेच, इतर मंडळींसाठी सांगतो. भाचा कोल्हापुरात ज्या कारखान्यात होता तो बंद पडला, तेव्हापासून तो लोकांच्या गाड्यांना पॉलिश करून देतो. दुकान नाही. अंगणातले पत्र्याचे शेड, लोकरीचे आणि फोमचे चार पॅड, दोन-तीन बाटल्या आणि हे मशीन, एवढाच संसार. शेतकऱ्याच्या दारात बैल तसे हे मशीन त्याच्या दारात आहे. ते बसले की मुलीची फी बसते.

गेल्या उन्हाळ्यात मशीनचे डोके तापायला लागले. हात ठेववेना. आवाजही फिरला, नेहमीच्या गुणगुणण्याऐवजी घरघर. सर्व्हिस सेंटरवाल्याने खोलूनसुद्धा न बघता सांगितले, याचे पार्ट येत नाहीत, नवीन घ्या. भाच्याने मान डोलावली. वर मलाच म्हणतो, "मामा, चालतंय तोवर चालवायचं की. मेलं की नवीन घ्यायचं."

या 'चालतंय तोवर'शीच माझे भांडण आहे.

बघा, यात चमत्कार काही नाही. आतली मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते आणि पॉलिशची तबकडी मात्र साधारण ६०० ते ३०००च्या दरम्यान फिरायला हवी. हा वेग उतरवतात ते गिअर. मोटरच्या दांड्यावर एक लहान गिअर, त्याला भिडलेला एक मोठा, आणि दातांमध्ये ग्रीस. हे ग्रीस म्हणजे तरी काय? आपल्याकडे मिळणारे नेहमीचे ग्रीस म्हणजे लिथियमच्या साबणाने धरून ठेवलेले तेल. उष्णतेने ते तेल हळूहळू सुटते. मागे उरतो तो घट्ट काळपट गोळा, आणि तोही दातांवरून उडून डब्याच्या कडांना जाऊन बसतो. बाहेरून बघणाऱ्याला ग्रीस भरपूर दिसते, पण दात कोरडेच असतात. आता सांगा, आयुष्यभराचे म्हणजे काय?

बैलगाडीला वंगणाचा नळा टांगलेला असायचा तो शोभेला नव्हता. गाडीवान मुक्कामाच्या आधी आसाला हात लावून बघायचा. त्याला कुणी 'आयुष्यभराचे' म्हणून सांगितले असते तर तो हसला असता.

असो. उद्यमनगरात आमच्या ओळखीचा एक रिवाइंडिंगवाला आहे. त्याला विचारून घेतले आणि एका रविवारी आम्ही मामा-भाचे बसलो. माझे काम बॅटरी धरणे आणि काढलेला प्रत्येक स्क्रू थाळीत ओळीने मांडणे. प्लग आधी काढायचा, हे पहिले. मग डोक्याचे चार स्क्रू काढले की गिअरचा डबा अलगद सुटतो. आतले जुने ग्रीस गुळाच्या काकवीसारखे झाले होते. ते लाकडी काडीने खरवडले, गिअर डिझेलने धुऊन फडक्याने कोरडे केले. रिवाइंडिंगवाल्याने दोन गोष्टी बजावल्या होत्या. मोटरकडे डिझेलचा थेंब जाऊ द्यायचा नाही, आणि दोन्ही बाजूंनी बंद असलेले बेअरिंग धुवायचे नाही, कारण त्याच्या आतले ग्रीस धुऊन गेले तर परत भरता येत नाही. ते फक्त हाताने फिरवून बघायचे. खरखरले तर सरळ नवीन.

नवीन ग्रीस दोन नंबरचे, लिथियमचे. जुने पूर्ण काढूनच भरायचे, कारण वेगळ्या जातीचे ग्रीस एकमेकांत मिसळले तर पातळ होऊन गळू शकते. दात माखायचे आणि डब्यातली साधारण एक तृतीयांश जागा भरायची, बस्स. आपल्या लोकांचा हात इथे सढळ होतो. पण डबा ठासून भरला तर गिअर ते ग्रीस नुसते घुसळत बसतात, तापतात, आणि ते मोटरकडे सरकते.

खरी घाण तर पुढेच होती. हवा खेचायच्या जाळीत लोकरीच्या पॅडचे तंतू आणि पॉलिशची पांढरी पूड अशी बसली होती की मोटरला श्वास कुठून मिळत होता देव जाणे. ब्रशने आणि हवेने ती झाडली. कार्बन झिजून बोटाच्या नखाएवढे उरले होते. ते जोडीनेच बदलायचे, एक नवा एक जुना चालत नाही.

सगळे मिळून खर्च एका वेळच्या हॉटेलातल्या जेवणापेक्षा कमी.

आणि हे केवळ मशीन वाचवण्यासाठी नाही हो. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे आपल्या केसाहून बारीक. बेअरिंग ढिले झाले की तबकडी डगमगते, आणि उन्हात गाडी उभी केली की गोल गोल चट्टे दिसतात. गिऱ्हाईक मशीनला दोष देत नाही. भाच्याला देते.

सगळेच घरी होते असे माझे म्हणणे नाही. आर्मेचर जळले तर रिवाइंडिंगवाल्याकडेच जावे, त्याचीही चूल पेटली पाहिजे. पण पुसणे आणि वंगण हे मालकाचे काम. खंडेनवमीला आपण याच मशीनला झेंडूची माळ घालतो, हळदकुंकू लावतो, आणि वर्षभर त्याची जाळी तुंबलेली ठेवतो! माळ जरूर घाला, पण आदल्या दिवशी स्क्रू खोला.

कंपन्यांनाही सांगायला हवे. ग्रीस कोणते, किती, किती तासांनी, एवढी चार वाक्ये खोक्यावर मराठीत छापायला किती शाई लागते? केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी पोर्टलही काढले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने अशी चार क्षेत्रे त्यात धरली आहेत. चांगलेच आहे. पण ज्या हत्यारांवर माणसे पोट भरतात तीही त्यात नावाने यायला हवीत, असे मला वाटते.

भाच्याला मी शाळेतली एक दोनशे पानी वही दिली आहे. पहिल्या ओळीत तारीख, ग्रीसचे नाव आणि कार्बनची लांबी माझ्या अक्षरात लिहिली. दुसरी ओळ त्याने दिवाळीच्या गर्दीआधी लिहायची आहे.